गावची शाळा आणि गावची गाऱ्हाणी

आपल्या मराठी घरांत दिवाळीला तीन-चार पिढ्या एकत्र जमल्या, म्हणजे फराळाच्या ताटाभोवती दोन विषय हमखास निघतात. एक, यंदाच्या चकल्या कडक का झाल्या. आणि दुसरा, आमच्या वेळची शाळा. पहिल्या विषयाचा निकाल लागतो. दुसऱ्याचा कधीच लागत नाही. एक जण म्हणतो, "त्या शाळेने मला माणूस केले." त्याचाच सख्खा भाऊ म्हणतो, "त्या शाळेने माझी चार वर्षे फुकट घालवली." शाळा एकच, इमारत एकच, उंबरठासुद्धा एकच, आणि गंमत अशी की, दोघेही खरे बोलत असतात.

हे दोन्ही खरे कसे, याचा थोडा नेटाने विचार करण्याची पाळी माझ्यावर आली, त्याला कारण घडले. आमचे गाव साताऱ्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या उतारावर. भाताची चार खाचरे, नाचणीचे वरकस, आणि घरटी एक तरी माणूस मुंबईला माथाडीत नाहीतर गिरणीत, अशी त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची घडण. गावची शाळा जिल्हा परिषदेची. पहिली ते चौथी, खोल्या दोन. तिचा पट उतरत उतरत चौदावर आला, आणि ही शाळा चार किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेला जोडावी की काय, अशी चर्चा सुरू झाली. तेव्हा ग्रामसभेने एक काम माझ्या गळ्यात घातले: "तुम्हाला वाचनाचा नाद आहे, तर आपल्या शाळेची सगळी हकीकत गोळा करून मांडा."

मी शाळेतली जुनी जनरल रजिस्टरे चाळली. घरोघर ओट्यावर बसलो. शिक्षणाच्या इतिहासाची मिळतील ती पुस्तके वाचली. शोधायला गेलो होतो शाळेचा इतिहास. हाती लागला तो गाऱ्हाण्यांचा इतिहास. आणि हळूहळू मनाची अशी खात्री होत गेली की, आपल्याकडे सरकारी शाळा म्हणून जे काही उभे राहिले, ते जितके सरकारने बांधले, तितकेच तिच्याबद्दल गाऱ्हाणे घेऊन दारात उभ्या राहिलेल्या माणसांनीही बांधले. ती हकीकत वाचकांपुढे ठेवतो.

सरकारी शाळा येण्यापूर्वी महाराष्ट्रात शाळाच नव्हत्या, असे नाही. देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या सावकाराच्या पडवीत पंतोजी शाळा भरवीत. धूळपाटीवर अक्षरे गिरवायची, बोरूने मोडी वळण घोटायचे, आणि पाढे, पावकी, निमकी, दीडकी मोठमोठ्याने घोकायची. १८२९ च्या सुमारास मुंबई इलाख्याची माहिती गोळा केली, तेव्हा सुमारे सतराशे शाळांत पस्तीस हजारांच्या आसपास मुले शिकत असल्याचे आढळले. इलाख्याची वस्ती तेव्हा सत्तेचाळीस लाखांच्या आसपास धरलेली होती. म्हणजे हे प्रमाण किती तोकडे, ते सांगायला नको. पंतोजीला दक्षिणा द्यायची ती आईबापांनी. कुणी पैशात, कुणी धान्यात. त्यामुळे गाऱ्हाण्याचा मार्गही जवळचा होता. मुलगा अडला, की बाप पडवीत जाऊन पंतोजीलाच विचारी. पण ज्याला दक्षिणा परवडत नसे, ज्याच्या जातीला ओवरीची पायरी चढता येत नसे, आणि जी मुलगी म्हणून जन्माला आली असे, त्यांनी गाऱ्हाणे कुणाकडे करायचे?

एल्फिन्स्टन साहेबाच्या अमदानीत, १८२० नंतरच्या दशकात, सरकारच्या आश्रयाने नव्या मराठी शाळा निघू लागल्या. कॅप्टन जर्व्हिस यांच्यासारख्या मंडळींनी मराठीत पाठ्यपुस्तके करवून घेतली, शिक्षक तयार केले. पुढे दादोबा पांडुरंगांचे व्याकरण आले, मेजर कँडीच्या देखरेखीखाली तयार झालेली पुस्तके आली. छापील बाळबोध अक्षर, भूगोल, व्याकरण असा नवाच थाट. व्यापारी-उदमी बापाला मात्र मोडी वाचन आणि तोंडी हिशेब हवा होता. पृथ्वी गोल असो की चपटी, दुकानाच्या खतावणीत त्याने काय फरक पडणार? सरकारी शाळेविषयीचे पहिले गाऱ्हाणे ते हेच: तुम्ही शिकवता ते आमच्या उपयोगाचे नाही. दोनशे वर्षांत शब्द बदलले, पण हा सूर गेलेला नाही.

दुसरे गाऱ्हाणे याहून फार मोठे होते. मुंबई इलाख्यातच तेव्हा मोडणाऱ्या धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा, म्हणून १८५६ च्या जून महिन्यात एका महार मुलाने अर्ज केला. शाळा सरकारी, पैसा सर्वांच्या खिशातला, मुलगा शिकायला तयार. तरीही त्याला दार उघडले नाही. मुंबई सरकारने निकाल दिला, त्याचा आशय असा की, न्याय या मुलाच्या बाजूचा आहे खरा. पण एकाला आत घेतले तर बाकीचे बाहेर पडतील, त्यास इलाज काय? न्याय मान्य आणि प्रवेश अमान्य, असा तो अजब निवाडा. पण अर्ज वाया गेला नाही. प्रकरण वर गेले, विलायतेपर्यंत पोहोचले, आणि १८५८ साली कंपनीच्या डायरेक्टरांकडून असे धोरण कळवण्यात आले की, सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या असाव्यात. धोरण कागदावर उतरले. शाळेच्या पायरीपर्यंत यायला त्याला पुढे कित्येक दशके लागली. परंतु ज्या कागदाचा आधार पुढच्या पिढ्यांनी घेतला, तो एका मुलाच्या अर्जातून निघाला, हे विसरून चालणार नाही.

तिसरे गाऱ्हाणे पैशाचे. १८६३ पासून मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंड बसवला गेला, आणि त्याचा एक तृतीयांश हिस्सा शिक्षणाकडे जाई. म्हणजे नांगर धरणाऱ्या कुणब्याच्या आण्यातून शाळा चालू लागल्या. पण त्या शाळांत कुणब्याची पोरे किती होती? हाच प्रश्न महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात विचारला. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. शिक्षक शेतकरी वर्गातून घ्या, म्हणजे मुलांत मिसळायला त्यांना कमीपणा वाटणार नाही. मोडी, बाळबोध, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान द्या. असा सबंध आराखडा त्यांनी मांडला. नुसते रडगाणे आणि गाऱ्हाणे यांत जो फरक आहे, तो या निवेदनात दिसतो. रडगाणे शाळेला नावे ठेवून थांबते. गाऱ्हाणे शाळा कशी हवी तेही सांगते.

१८८४ च्या कायद्याने लोकल बोर्डे आली आणि गावोगावची शाळा 'लोकल बोर्डाची शाळा' झाली. नकाशा, फळा, घंटा, आणि वर्षातून एकदा तपासणीला येणारे डेप्युटी इन्स्पेक्टर. खेड्यातल्या जिभेने त्यांचे 'दिपोटीसाहेब' केले. दिपोटी येणार म्हटले, की अंगण सारवले जाई, पोरांची डोकी तेलाने चोपडली जात, आणि एरवी छडी परजणारे मास्तर त्या दिवसापुरते कमालीचे मायाळू होत.

एकाच शाळेत गोड आणि कडू दोन्ही कसे भरलेले असते, त्याचे उदाहरण आमच्याच साताऱ्यातले आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव नावाच्या मुलाचे नाव दाखल झाले. वर्गात बसायला त्यांना घरून गोणपाट न्यावे लागे; तहान लागली तरी नळाला हात लावता येत नसे, शिपायाने तोटी सोडली तरच पाणी. शिपाई नाही, तर पाणी नाही, असा तो हिशेब बाबासाहेब आंबेडकरांनीच पुढे लिहून ठेवला आहे. आणि त्याच साताऱ्याच्या शालेय दिवसांतल्या, आंबेडकर याच आडनावाच्या एका गुरुजींची मायाही त्यांनी सांगितली आहे. हे गुरुजी आपल्या फराळातली भाकरी-भाजी त्यांना देत. गोणपाट खरे आणि भाकरीही खरी. या प्रवेशाचा दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो. तो पाळताना भाकरीची आठवण काढावी आणि गोणपाट झाकून ठेवावे, असे मात्र कुणी करू नये.

आतापर्यंतचे गाऱ्हाणे होते, 'आम्हाला आत घ्या' हे. विसाव्या शतकात त्याच्या उलट गाऱ्हाणे ऐकू येऊ लागले: 'आमच्या पोराला शाळेत ओढू नका.' सक्तीच्या शिक्षणाची सुरुवात बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी केली. १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली साऱ्या संस्थानात. नामदार गोखल्यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. पुढल्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. १९१७ साली कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला, आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना दरमहा एक रुपया दंड ठेवला. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूमही त्यांनी काढला. ब्रिटिश मुलखात १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने नगरपालिकांपुरता, आणि १९२३ साली जिल्हा लोकल बोर्डांसाठी कायदा झाला.

कायदे करणारांचे आपण कौतुक करतो, आणि ते रास्तच आहे. पण शेतकरी बापाची बाजूही ऐकली पाहिजे. आठ वर्षांचे पोर म्हणजे त्याच्या घरचा अर्धा गडी. ते शाळेत बसले, तर गुरे कोण राखणार? पाखरे कोण हाकणार? धाकट्याला कोण सांभाळणार? आमच्या जुन्या रजिस्टरांत 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना आहे. त्या एका रकान्यात साऱ्या गावाचा इतिहास मावला आहे. पानेच्या पाने तीच तीच कारणे: 'गुरे राखणे', 'शेतकाम', 'मुंबईस गेला', 'सतत गैरहजर'. मुलींच्या नावांपुढे बहुधा एकच शब्द: 'लग्न'. अधूनमधून एखादे 'चौथी पास' दिसले, की भर उन्हात झाडाची सावली लागावी तसे वाटते.

याच रजिस्टरांत आणखी एक मौज आहे. अर्ध्या गावाचा जन्म १ जूनचा! आई सांगे, "मोठ्या पावसात झाला", आजी सांगे, "पाटलांची म्हैस मेली त्या साली." मास्तर बिचारे काय करणार? शाळा जूनमध्ये सुरू होई, तेव्हा १ जून लिहून मोकळे होत. पुढे याच खोट्या तारखेवर खऱ्या नोकऱ्या लागल्या आणि खरी पेन्शनेही बसली.

माझे आजोबा लोकल बोर्डाच्या शाळेतून व्हर्नाक्युलर फायनल झाले. त्या काळी फायनल झालेला माणूस म्हणजे गावचा विद्वान. तलाठ्याचा कागद तो वाची, मुंबईची पत्रे तो लिही. शाळेचे नाव निघाले, की आजोबा हात जोडत. माझी आत्या त्याच शाळेत चौथीत पहिली आली. पाचवी पाच मैलांवर होती, वाटेत ओढा. आजोबांनी तिला धाडले नाही. ती अखेरपर्यंत म्हणे, "शाळेनं मला गोडी लावली आणि वाटेतच हात सोडला." एका घरात शाळेचा एक भक्त आणि एक फिर्यादी असा नांदत होता. दोघांत फरक बुद्धीचा नव्हता. पाच मैलांचा होता.

बुद्धवाड्यातल्या एका वयोवृद्ध आजोबांनी मला सांगितले, "आमाला दाराजवळ बसवायचे. पाणी वरनं वाढायचे. पण मास्तरांनी माजी पाटी तपासायची कवा चुकवली न्हाई, हे बी लिवा." मी म्हटले, "दोन्ही लिहितो." ते म्हणाले, "दोन्हीच लिवा. एक लिवलं तर ते खोटं हुईल."

स्वातंत्र्यानंतर १९४७ चा प्राथमिक शिक्षण कायदा आला, गांधीजींच्या मूलोद्योगी शिक्षणाचे वारे वाहू लागले. १९३७ च्या वर्धा परिषदेतून निघालेली ती कल्पना. शाळांच्या पाट्यांवर 'जीवन शिक्षण मंदिर' असे नाव आले, पोरांच्या हातात टकळी आली. सूत किती निघाले, ते देव जाणे. पण पेळू हरवल्याबद्दल किती छड्या निघाल्या, ते आमच्या वडील मंडळींना अजून तोंडपाठ आहे. "पोरगं शाळेत घातलं ते कातायला का?" हे त्या वेळचे गाऱ्हाणे.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि शाळा त्यांच्याकडे गेल्या. १९६७ साली बालभारतीची स्थापना झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला, आमच्या शाळेची भिंत फाटली, आणि वर्ग काही महिने देवळात भरले. पंतोजीची ओवरी अशी परत आली. फरक एवढाच की, आता त्या ओवरीत सगळ्या आळ्यांची पोरे एका रांगेत बसली.

लेखाच्या आरंभी ज्या दोन भावांचा दाखला दिला, तसे खरेच दोघे आमच्या गावात आहेत. थोरल्याच्या वेळी जे गुरुजी होते, ते बिऱ्हाड करून गावातच राहत. रात्री कंदिलाच्या उजेडात चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी घेत; ज्याच्या घरी दिवा नसे, तो गुरुजींच्या पडवीतच निजे. थोरला पुढे शिकला, मोठ्या हुद्द्यावर गेला. धाकट्याच्या वेळी दुसरे मास्तर आले. ते तालुक्याहून ये-जा करीत, एस.टी. चुकली, की शाळा चुकली. आठवड्यातून दोन-तीन दिवस पोरे अंगणात गोट्या खेळून घरी येत. दोघा भावांत अंतर सहा वर्षांचे. शाळा तीच, पण शाळा म्हणजे इमारत नव्हे, पाटी नव्हे, परिपत्रकही नव्हे. शाळा म्हणजे त्या त्या वर्षीचा मास्तर. म्हणूनच दोघांच्या साक्षी उलट, आणि दोन्ही खऱ्या.

पुढची हकीकत त्याहून महत्त्वाची आहे. पुरुषमंडळी मुंबईत, तेव्हा गावातल्या बायकांनीच एके दिवशी भाकऱ्या बांधून घेतल्या, तालुक्याला गेल्या, आणि पंचायत समितीच्या व्हरांड्यात ठाण मांडून बसल्या. त्यांतल्या बहुतेकींना सहीसुद्धा येत नव्हती. साहेबांनी विचारले, "तुमची तक्रार लेखी कुठे आहे?" एक म्हातारी म्हणाली, "लिवता येत आसतं, तर हितं कशाला आलो आसतो? आमच्या पोरांना तरी लिवता यावं, म्हनून तर आलोय." महिन्याभरात दुसरे मास्तर आले. धारवाडच्या अर्जापासून या व्हरांड्यापर्यंत मला तरी एकच धागा दिसतो.

त्यानंतरची वर्षे वाचकांच्या आठवणीतली आहेत. १९९५ साली शाळेच्या पोषण आहाराची योजना आली. आधी घरी तांदूळ मिळे, आणि २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शाळेतच शिजवलेले अन्न देणे आले. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. फुल्यांनी १८८२ साली मागितले, गोखल्यांनी १९११ साली मागितले, ते सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाचा हक्क म्हणून पदरात पडायला शंभरावर वर्षे लागली.

गाऱ्हाणी मात्र संपली नाहीत. खिचडी मिळते, पण ती शिजवून घेण्यात आणि तिचा हिशेब लिहिण्यात गुरुजींचा वेळ जातो. जनगणना त्यांनी करायची, निवडणूक त्यांनी पार पाडायची, माहितीचे तक्ते त्यांनीच भरायचे. चार इयत्ता आणि शिक्षक दोन, म्हणजे एका वर्गाला पाढे घालून दुसऱ्याला धडा वाचून दाखवायचा. पालक म्हणतात, "पोर चौथीत गेले, तरी हातच्याची वजाबाकी येत नाही." शिक्षक म्हणतात, "पोर महिनाभर उसाच्या फडावर असते, मी शिकवू कुणाला?" दोघांचेही खोटे नाही.

उलट बाजूही आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरांतली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकातील पानावर एक चौकोनी खूण छापून तिच्यातून मुलांना मोबाइलवर धडा ऐकता-पाहता यावा, ही युक्ती त्यांच्या नावाशी जोडली गेली. ज्या व्यवस्थेला आपण ऊठसूट नावे ठेवतो, तिच्यातूनच हा माणूस निघाला.

आता आजच्या पेचाकडे येतो. सकाळी सात वाजता आमच्या गावाच्या फाट्यावर एक पिवळी गाडी येते. टाय लावलेली बारा-पंधरा पोरे तिच्यात बसतात आणि दहा किलोमीटरवरच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात. त्यांच्या आईबापांना मी दोष देणार नाही. मुंबईत ओझी उचलून ज्याने पैसा साठवला, त्याला आपल्या मुलाने इंग्रजी बोलावे असे वाटले, तर त्यात गैर ते काय? पण रजिस्टराच्या त्या रकान्यात या मुलांच्या नावापुढे आता एक नवे कारण दिसते: 'पालकांची विनंती'. 'गुरे राखणे' यामागे गरिबी होती, 'लग्न' यामागे रूढी होती; त्यांच्याशी झगडता येई. 'पालकांची विनंती' या शब्दांमागे काय आहे, ते कागदाला ठाऊक नाही. माणूस गाऱ्हाणे न करताच निघून गेला, एवढेच कळते. आणि ज्याचा आवाज तालुक्याच्या साहेबापर्यंत पोहोचला असता, तोच आधी गेला. मागे राहिली ती चौदा मुले. कुणाचा बाप नाही, कुणाची आई रोजगाराला, कुणी धनगराचे, कुणी वीटभट्टीवरचे. त्यांच्या वतीने व्हरांड्यात बसायला कोण जाणार?

पट घटला, की हिशेब मांडणारे येतात. २०१७ साली राज्यात दहाच्या आत पट असलेल्या तेराशेवर शाळा बंद करण्याचा निर्णय झाला, आणि त्यावर मोठा गदारोळ उठला. २०२३ साली विसाच्या आत पट असलेल्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढण्याची कल्पना सरकारने पुढे आणली. तिच्यामागचा विचार सर्वस्वी टाकाऊ आहे, असे मी म्हणत नाही. चौदा मुलांना ना खेळाचा संघ, ना प्रयोगाचे साहित्य, ना बरोबरीचे सोबती. मोठ्या शाळेत हे मिळेल, गाडीही मिळेल, असे सांगतात. पण पावसाळ्यात आमच्या रस्त्यावर दरड येते, तेव्हा गाडी येत नाही. मग मोठ्या शाळेपर्यंत चार किलोमीटर पायी कोण जाईल, आणि घरी कोण राहील? आत्याची पाच मैलांची गोष्ट मी ग्रामसभेत सांगितली, तेव्हा बायकांच्या बाजूला एकदम शांतता पसरली. जवळजवळ प्रत्येक घरात अशी एक आत्या होती.

शिक्षणहक्काच्या कायद्यात एक कलम आहे, ते फारसे कुणी वाचत नाही. प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती असावी, तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात. म्हणजे ज्या म्हाताऱ्या एके काळी व्हरांड्यात बसल्या, त्यांच्या नातसुनांना कायद्याने आता खोलीत खुर्ची दिली आहे. गाऱ्हाणे करण्याचा हक्कच नव्हे, ते निवारण्याचा अधिकारही दिला आहे. आमच्या समितीची सभा अनेक वर्षे केवळ कागदावर होत असे. यंदा ती खरोखर भरली. पहिल्या सभेत गाऱ्हाणीच गाऱ्हाणी निघाली: नळ गळतो, इंग्रजीचा तास बुडतो, संगणक पेटीतून बाहेर आलेला नाही. शाळेच्या बाई क्षणभर गोऱ्यामोऱ्या झाल्या. मग त्यांनीच वही काढली आणि एकेक कलम लिहून घेतले. "एवढं बोलायला कुणी आलंच नव्हतं इतक्या वर्षांत," असे त्या म्हणाल्या, तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता. नळ आता गळत नाही. संगणकही पेटीतून बाहेर निघाला आहे. तो चालतो की नाही, ते दिवाळीनंतर कळेल. शाळेच्या भवितव्याचा निर्णय व्हायचा आहे. पण जूनमध्ये पिवळ्या गाडीतली दोन पोरे परत आमच्या शाळेत आली, आणि पट सोळा झाला. दोन म्हणजे फार नव्हे. पण अनेक वर्षांनी तो आकडा वर गेला.

वाचकहो, सुट्टीत आपल्यापैकी कित्येक जण गावी गेले असतील, किंवा जायच्या तयारीत असतील. शाळेला नावे ठेवणारालाही कधी ना कधी 'शाळा सोडल्याचा दाखला' काढायला त्याच शाळेत यावे लागते. जन्मतारखेसाठी म्हणा, जातीच्या पडताळणीसाठी म्हणा. शाळा उघडली, की एखादा दिवस काढून, दाखला नको असतानाही तेथे जा, आणि गुरुजींच्या परवानगीने आपले जुने रजिस्टर पाहा. आपल्या आजोबांचे नाव शोधा, आत्याचे शोधा, आपले शोधा. आणि शेवटच्या रकान्यात कुणी का शाळा सोडली, ते वाचा. मग अगदी अलीकडचे पान उलटा. तेथे ज्या मुलांच्या नावापुढे तो रकाना अजून कोरा आहे, ती आत वर्गात बसलेली असतील. तो कोरा राहावा की भरावा, हे काही अंशी आपल्या गाऱ्हाण्यावर अवलंबून आहे.